आंजर्ल्याची वारी, नवा रेडिओ आणि तीन नंबरचा बावटा

अण्णा म्हणजे माझे सासरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दीड महिना डोंबिवलीला आमच्याकडे होते आणि शेवटचे पंधरा दिवस रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य, "आता मला आंजर्ल्याला सोड." आंजर्ले म्हणजे दापोलीजवळचं त्यांचं समुद्राकाठचं गाव. घरी आई, म्हणजे सासूबाई, एकट्या, आंबे उतरवायचे राहिलेले, पागोळीचे पत्रे सैल झालेले, पावसाच्या आधी सगळं आवरायला हवं. नवऱ्याला रजा नाही म्हणून गाडी मी काढायची आणि शाळेला सुट्टी म्हणून आमचा मुलगा चिकू, वय अकरा, फुकटचा.

आता रेडिओ कुठून आला ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अण्णा आणि आई दोघंच आंजर्ल्याच्या घरात होते. कौलं उडाली, नारळ आडवे झाले, लाईट जी गेली ती महिनाभर आली नाही, आणि पाच दिवस आम्हाला इथे कळत नव्हतं की माणसं आहेत की नाहीत कारण मोबाईलचे टॉवरच बंद. त्यांच्याकडे जुना रेडिओ होता पण सेल वितळून आतली पट्टी हिरवी झालेली आणि लॉकडाऊनमुळे दुकान बंद. तेव्हाच मी मनात ठरवलेलं की या घरात एक चांगला खिशातला रेडिओ पाहिजेच. ठरवलं २०२०ला, घेतला २०२५ला, आमच्याकडे कामं अशीच होतात.

मंगळवार, २० मे : डोंबिवली ते दिवेआगर

निघायचं होतं पहाटे पाचला, निघालो साडेसातला. पेणच्या आधीच पाऊस. मे महिन्यातला वळीव नाही, चांगला धो धो, वायपर फुल स्पीडला. अण्णा म्हणाले "हा पाऊस काही बरा दिसत नाही", मी म्हटलं "अण्णा तुम्हाला सगळाच पाऊस बरा दिसत नाही."

वडखळला वडे खायला थांबलो आणि चिकूने नव्या रेडिओचा डबा फोडला. अडीच हजाराचा, ऑनलाईन मागवलेला, नावातच वेदर अलर्ट. रिव्ह्यू वाचून वाचून घेतलेला बरं का. एएम, एफएम, आणि डब्ल्यूबी नावाचा तिसरा बँड, टॉर्च, हाताने फिरवून चार्ज करायचा दांडा आणि एक लाल बटण. चिकूने अर्थातच आधी लाल बटण दाबलं. अख्ख्या हॉटेलात असा भोंगा वाजला की वेटरच्या हातातली चटणी सांडली आणि एक आजोबा उठून उभे राहिले. बंद कसा करायचा ते कुणालाच कळेना, शेवटी अण्णांनी तो रुमालात गुंडाळून काखेत धरला आणि तसेच बाहेर गेले. बंद करायला तेच बटण तीन सेकंद दाबून ठेवायचं असतं हे नंतर कळलं.

दिवेआगरला अण्णांच्या बहिणीकडे, माईंकडे मुक्काम. त्यांची सुपारीची वाडी निसर्गात जवळजवळ सपाट झाली होती. रोपं परत लावली ती आता डोक्याच्या वर गेलीत, पण सुपारी नीट धरायला सात-आठ वर्षं लागतात. माई म्हणाल्या "आता मी बघेन की नाही कुणास ठाऊक, पण लावली." यावर काय बोलणार, मी आपली उकडीचे मोदक खात बसले.

रात्री डब्ल्यूबी लावला. सात चॅनल, सातही मुके. नुसतं स्स्स्स. मला वाटलं पावसामुळे असेल, अँटेना लांब केली, ओटीवर गेले, विहिरीजवळ गेले, काही नाही. मग माईंच्या घरच्या वायफायवर बसून वाचलं तेव्हा उजेड पडला. हा डब्ल्यूबी म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं स्वतःचं वेगळं रेडिओ जाळं आहे, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या मधे सात जागा, हजारच्या आसपास ट्रान्समीटर, चोवीस तास फक्त हवामान, कॅनडातही तसंच. धोका असला की ते आधी १०५० हर्ट्झचा एक लांब सूर सोडतात, तो सूर ऐकून झोपलेला रेडिओ आपोआप जागा होतो, म्हणजे ते अलर्ट. आपल्याकडे त्या जागेवर असं कुणी बोलतच नाही. माझा रेडिओ आयुष्यभर त्या सुराची वाट बघत बसणार आणि तो सूर काही येणार नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्या एकानेही हे लिहिलं नव्हतं, सगळ्यांनी टॉर्च किती लांब जातो तेच लिहिलेलं.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले "म्हणजे अडीच हजाराचा भोंगा."

बुधवार, २१ मे : दिवेआगर ते आंजर्ले

शेखाडीच्या बाजूने श्रीवर्धनला जाणारा रस्ता हा माझा जगातला सगळ्यात लाडका रस्ता आहे, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे इतका जवळ समुद्र की भरतीला तोंडावर तुषार. आज समुद्र राखाडी आणि रागावलेला. थांबून फोटो काढायला उतरले तर छत्री उलटी झाली. हरिहरेश्वरला देवदर्शन पाच मिनिटात, प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा येत होत्या म्हणून ती केली नाही.

बागमांडल्याला फेरीसाठी रांग होती. इथून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं, गाडीसकट. त्या तासाभरात रेडिओचं खरं काम झालं, आणि ते चिकूने केलं हे मान्य करावं लागेल.

झालं असं की एएमवर मुंबई लागत होती पण नाकातून बोलल्यासारखी. आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीची जागा ५५८ किलोहर्ट्झ, आमचा रेडिओ ५५० दाखवतो मग एकदम ५६०, मधे थांबतच नाही. अण्णा म्हणाले पूर्वी आम्ही रत्नागिरी ११४३ वर लावायचो, तर हा ११४० वरून ११५० वर उडी. चिकूने ते मुंगीएवढ्या अक्षरातलं माहितीपत्रक वाचून शोधलं की अमेरिकेत एएमची स्टेशनं दहा-दहाच्या अंतराने असतात आणि आपल्याकडे नऊ-नऊच्या. ५५८ भागिले ९ बरोबर ६२, ११४३ भागिले ९ बरोबर १२७, मुंबईचं दुसरं १०४४ भागिले ९ बरोबर ११६. पोरगं गाडीत बसून भागाकार करतंय सुट्टीत! रेडिओ बंद असताना एक बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर १० चं ९ होतं. केलं. आणि ५५८ वर बाई अशी स्वच्छ बोलायला लागली की शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून मान काढली.

तर कुणी आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ घेणार असाल तर दुकानात एवढंच विचारा, नऊची पायरी आहे का. काटा फिरवायचा साधा रेडिओ असेल तर हा प्रश्नच नाही, काटा कुठेही थांबतो.

गाडीत मात्र काही येत नव्हतं, पत्र्याच्या डब्यात एएम घुसत नाही आणि इंजिन चालू असलं की वर आणखी घरघर. जेटीवर उघड्यावर उभं राहिलं की छान. अण्णांनी रेडिओ हातात घेऊन हळूहळू गोल फिरवला, एका दिशेला आवाज पडला, काटकोनात वळवला की भरला. एफएमची दांडी बाहेर असते पण एएमची अँटेना आत पोटात असते, काळ्या कांडीवर गुंडाळलेली तार, म्हणून दांडी ओढून काही होत नाही, अख्खा रेडिओ वळवायचा. हे अण्णांना कुणी शिकवलं नाही, ते म्हणे रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचो तेव्हापासून सगळे असंच करायचे. आणि मुंबई इतकी लांब असून दिवसाढवळ्या स्पष्ट का, तर मधे समुद्र. मिठाच्या पाण्यावरून या लहरी जमिनीपेक्षा बऱ्याच लांब जातात. किनाऱ्यावर राहायचा एवढा एक फायदा.

फेरी हलत होती. बाणकोटचा किल्ला पावसात दिसलाच नाही. केळशी, आडे, पाडले करत चारला घरी. आईंनी दारातच विचारलं, "डोळा कसाय?" आणि मग मला, "अगो, किती वाळलीस."

गुरुवार, २२ मे : घरी, आणि हर्णे

सकाळी लाईट होती तोवर रेडिओ घरात खरखर करत होता. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी बल्ब बंद केला, खरखर अर्धी कमी. मोबाईलचा चार्जर काढला, उरलेलीही गेली. मग लाईटच गेली आणि आवाज एकदम आरशासारखा. अण्णा म्हणाले "बघ, लाईट गेल्यावरच रेडिओ ऐकायचा असतो."

बातम्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, किनाऱ्यावर वादळी वारे, मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये, हे सगळं. फोनवर सरकारी मेसेज येत होते, दामिनी ॲपही आहे माझ्याकडे, आसपास वीस ते चाळीस किलोमीटरमधे वीज पडतेय का ते दाखवतं आणि ते खरंच चांगलं आहे. पण ॲपला रेंज लागते आणि दुपारी बारापासून रेंज माडाखाली एक काडी, पडवीत शून्य.

सेल आणायला हर्ण्याला गेले. इथे मला या रेडिओबद्दल दुसरी गोष्ट कळली. आत जी बॅटरी आहे ती जुन्या नोकिया फोनची असायची तसली चपटी, चार्ज करायची. दांडा फिरवून चार्ज होते म्हणतात, चिकूने दहा मिनिटं फिरवला, घामाघूम झाला, आणि बातम्या संपायच्या आत मान टाकली. सुदैवाने मागे पेन्सिल सेलची पण जागा आहे. कोकणात रेडिओ घ्यायचा तर ही जागा आधी बघा, पेन्सिल सेल कुठल्याही वाडीतल्या दुकानात मिळतात, वायर लावून चार्ज करायला लाईटच नसेल तर काय करणार. आणि वापरत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा, खाऱ्या हवेत आतल्या पट्ट्या दोन पावसात कुजतात. आमचा रेडिओ आता झिपच्या पिशवीत असतो, ओल धरू नये म्हणून आईंनी पिशवीत तांदूळ टाकलेत.

हर्ण्याला बंदरावर होड्याच होड्या, सगळ्या आत घेतलेल्या. एरवीही १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंदच असते पण शेवटचे दहा दिवस कमाईचे, ते गेले. अण्णांच्या ओळखीचे पाजपंढरीचे एक तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, भेटले. "अण्णानू, डोळा केलात? आता तीन नंबरचा बावटा वाचायला लागाल." मी विचारलं बावटा म्हणजे झेंडा का, तर हसले. दिवसा खांबावर काळे त्रिकोणी शंकू आणि ढोल टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब समुद्रात, तीन म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा इशारा, तिथून पुढे वाढत दहापर्यंत म्हणजे मोठा धोका, आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. मला हा अकरावा फार आवडला. काहीच कळत नाही हेसुद्धा सांगायची सोय करून ठेवलीय.

ते म्हणाले होडीवर व्हीएचएफ वायरलेस असतो, त्याच्या सोळा नंबरच्या चॅनलला सगळे कान लावून असतात, पण तो होडी ते होडी, होडी ते बंदर. मोबाईल आत खोल गेलं की संपला. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कितीतरी जण समुद्रातच होते, रत्नागिरी सिंधुदुर्गातले कितीतरी खलाशी परत आले नाहीत. हे सांगताना ते आमच्याकडे बघत नव्हते, पाण्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "पापलेट हवं का, शेवटचं आहे."

रात्री खरी मजा. आठ वाजता काळोख, लाईट नाही, ढग गुरगुरतायत. अण्णांनी रेडिओ एएमच्या अगदी खालच्या टोकाला नेला, ५३१ च्या आसपास जिथे आमच्याकडे कुठलंच स्टेशन नव्हतं. नुसती शांत खरखर. आणि मग "टक". दोन सेकंदांनी "टक टक". मग एक लांब "खर्रर्र". "वीज," अण्णा म्हणाले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. वीज चमकते तेव्हा ती नुसता उजेड सोडत नाही, रेडिओच्या लहरी पण सोडते, सगळ्या जागांवर एकदम, आणि त्या एएममधे ऐकू येतात. एफएमवर नाही येत, एफएमची रचनाच असली खरखर गाळून टाकणारी.

पंधरा-वीस मिनिटांनी पहिल्यांदा चमकलं, दक्षिणेला. आता चमक आणि खर्रर्र अगदी एका क्षणाला, गडगडाट मागून. चिकू मोजायला लागला, चमक ते गडगड तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. चोवीस, म्हणजे आठ. मग अठरा. मग बारा. बाराला आईंनी सगळ्यांना पडवीतून आत ओढलं आणि विहिरीवर ठेवलेली कळशी राहू द्या म्हणाल्या.

एक मात्र आहे, रात्री एएम लांबलांबचं पकडतं, दिवसा वरती हवेत जो थर या लहरी खातो तो रात्री उरत नाही, त्यामुळे शेकडो किलोमीटरवरच्या विजा पण टकटकतात. म्हणून एकट्या टकटकीला घाबरायचं नाही, ती वाढतेय का आणि लांबतेय का ते ऐकायचं. असा माझा अंदाज, दोन रात्रींच्या अनुभवावर. पण अडीच हजारातलं जे अलर्ट चाललं ते हेच, आणि हे दीडशे रुपयाच्या डबड्यातही चाललं असतं.

शुक्रवार, २३ मे

दिवसभर पत्रे. अण्णा खालून सूचना देत होते आणि गडी वरून ऐकत नव्हता. उरलेला पायरी आणि रायवळ उतरवला, अर्धा फुटलेला. हापूस आधीच निघाला होता नशिबाने. फणस कापला. रेडिओ दर बातमीला पाच मिनिटं लावायचा आणि बंद, सेल वाचवायला, ही आईंची शिस्त. कड्यावरच्या गणपतीला जायचं राहिलंच.

शनिवार, २४ मे

पहाटे जाग आली ती वाऱ्याने. माड एकाच दिशेला झुकलेले. फोन पूर्ण मेला. सकाळच्या बातम्यात ऐकलं की समुद्रातला कमी दाब रात्रीत आणखी तीव्र होऊन त्याचं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाहून सौम्य वादळ, झालंय आणि ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनारा ओलांडणार. रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे. म्हणजे आमच्या दाराच्या दक्षिणेला, साधारण जिथे आम्ही बसून चहा पितोय त्याच्या खाली. मला पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. आई शांतपणे म्हणाल्या, "चक्रीवादळ म्हणाले का? नाही ना? मग चहा घे."

आणि हा फरक मला तेव्हा कळला की फोनवर आले असते तर दहा ग्रुपवर दहा व्हिडिओ आले असते, निसर्गचे जुनेच, आणि मी गाडी काढून पळाले असते, आंबेत घाटाच्या त्या वळणांवर, त्या पावसात. रेडिओवरची बाई तेवढंच बोलली जेवढं होतं. तिने वाऱ्याचा वेग सांगितला आणि अण्णांनी तो निसर्गच्या आकड्याच्या निम्म्याच्याही खाली आहे असं तिथल्या तिथे सांगून टाकलं, निसर्गचे ११०-१२० त्यांच्या डोक्यात कोरलेत. जायचं रद्द. खिडक्या लावल्या, कळशा भरल्या, डाळभात पापड.

दुपारपर्यंत ते ओलांडून गेलं. आम्हाला काय दिसलं तर पाऊस, पाऊस, मधे एक मोठा वारा ज्यात गोठ्यावरचा एक पत्रा (काल लावलेला, हो) शेजारच्या वाडीत गेला, आणि परत पाऊस. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचल्याचंही ऐकलं. अण्णांनी मान हलवली, "२४ मेला? पंचांग बदला आता." चिकू रेडिओ पोटावर ठेवून झोपला होता.

रविवार, २५ मे

पत्रा परत आणला. शेजाऱ्यांनी त्याच्यावर ठेवलेले कोकम वाळत होते, म्हणजे पावसात कसले वाळतात, पण ठेवलेले. त्यांना कोकमाच्या बदल्यात फणस दिला.

सोमवार, २६ मे : परत

फेरीचा विचारच नाही, मंडणगड, महाड, माणगाव असा वळसा. निघताना रेडिओचं काय करायचं यावर दारात सभा झाली. मी म्हटलं इथेच राहू दे, मी डोंबिवलीसाठी काट्याचा साधा घेईन. अण्णांनी ५५८ वर लावून दिला आणि बाजूच्या कुलूपबटणावर खिळा ठेवल्यासारखं बोट आपटून सांगितलं, आता याला कुणी हात लावायचा नाही.

माणगावच्या टपरीवर चहा घेताना कळलं मान्सून मुंबईतही आला. १९५० पासूनच्या नोंदीत सगळ्यात लवकर. आणि आम्ही त्याच्याच मागोमाग डिकीत रायवळाच्या दोन पेट्या घेऊन, आणि गाडीत असा वास की काचा उघडाव्या तर पाऊस आत.

घरी पोचल्यावर दोन दिवसांनी रेंज आली आणि आईंचा फोन. सगळं ठीक, लाईट आली, बातम्या रोज ऐकतो. मग म्हणाल्या, "अगो, ते लाल बटण फार कामाचं आहे हो. वांदर आले होते चिकूच्या झाडावर, दाबलं, तर पार कड्यापर्यंत पळाले. फक्त ह्यांना सांग, दुपारी झोपतात तेव्हा दाबलं तर ओरडू नका."